टाकीभोवतीची माती, विहिरीतले पाणी: नमुने कसे घ्यावेत आणि कुठे चुकते

पेट्रोल पंपावर आपल्याला मशीन, नोझल आणि वरचे छत दिसते. माल असतो पायाखाली, जमिनीत पुरलेल्या टाक्यांमध्ये. वीस हजार लिटरची टाकी पुरली की तिचा तळ साधारण तीन-साडेतीन मीटर खाली जातो. महाराष्ट्रात पावसाळा संपताना कित्येक ठिकाणी भूजलाची पातळी याच खोलीच्या आसपास असते. त्यामुळे टाकी गळू लागली तर इंधनाला पाण्यापर्यंत पोचायला फार वाट तुडवावी लागत नाही.

गळती झाली आहे का आणि ती कुठवर गेली आहे, हे कळण्यासाठी टाकीभोवतीच्या मातीचे आणि भूजलाचे नमुने तपासावे लागतात. आपण पंपचालक असाल, शेजारच्या विहिरीचे मालक असाल, जुन्या पंपाची जागा विकत घेत असाल किंवा या कामात नुकतेच आला असाल. हे काम टप्प्याटप्प्याने कसे चालते ते इथे पाहू. खोदाई आणि नमुने घेणे प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावे. पण बाजूला उभे राहून काय पाहायचे आणि काय विचारायचे हे आपल्याला माहीत असेल, तर निम्म्या चुका जागीच टळतात. या कामातली मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेत होतच नाही. ती बाटलीचे झाकण लागण्याआधीच होऊन गेलेली असते.

रजिस्टरवरून गळती का कळत नाही

पंपावर रोज सकाळी डिप घेतात, म्हणजे टाकीत मोजपट्टी सोडून साठा मोजतात. किती माल आला, किती विकला आणि किती उरला याचा मेळ घालतात. मग गळती लगेच कळायला हवी, असे आपल्याला वाटेल.

अडचण अशी की पेट्रोल उन्हाने फुगते आणि थंडीने आकसते. दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान एका अंशाने बदलले तरी सुमारे दहा लिटरचा फरक पडतो. थोडे पेट्रोल वाफ होऊन उडते आणि मोजपट्टी वाचताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होते. लहान गळती या सगळ्या फरकांत सहज लपते.

अमेरिकेतल्या नियमाचे उदाहरण घेऊ. तिथे महिन्याच्या हिशेबात विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, इतकी तफावत चालते. महिन्याला एक लाख लिटर विकणाऱ्या पंपावर ही मर्यादा जवळजवळ दीड हजार लिटर होते. तासाला पाऊण लिटर गळणारी टाकी महिन्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास जमिनीत सोडते, आणि तरीही हिशेब मर्यादेत बसतो. म्हणूनच तिथेही या हिशेबाच्या जोडीला टाकीची घट्टपणा-चाचणी करावी लागते.

इंधन जमिनीत कसे पसरते

गळलेले इंधन आधी सरळ खाली झिरपते. वाटेतल्या मातीच्या कणांना त्यातले काही चिकटून राहते. पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलापाशी पोचल्यावर ते त्यावर तरंगते. त्याला आपण तवंग म्हणू. तवंगातले काही घटक पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे जातात आणि काही वाफ होऊन मातीच्या पोकळ्यांतून वर येतात. म्हणजे एकाच गळतीचे चार भाग होतात: चिकटलेले, तरंगणारे, विरघळलेले आणि वाफेचे. नमुने घेताना या चारही भागांचा विचार करावा लागतो.

विरघळणाऱ्या घटकांत चार महत्त्वाचे आहेत: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन. चौघांना मिळून बीटेक्स म्हणतात. यांतले बेंझीन माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

भारतात बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का चालते. तेवढे बेंझीन असलेल्या एका लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझीन पाण्यात उतरले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी आरोग्य संघटनेच्या मर्यादेला जाऊन टेकते. जमिनीत सगळे बेंझीन विरघळत नाही हे खरे. तरी एवढ्याशा गळतीची इतकी काळजी का करायची, ते या हिशेबावरून कळते.

पहिला टप्पा: कागद आणि नकाशा

ड्रिल आणण्याआधी जागेचा इतिहास गोळा करावा. टाक्या किती, कधी पुरल्या, कोणत्या टाकीत काय होते, पाइप कुठून कुठे गेले, टँकर कुठे रिकामा होतो आणि मशीन आधी कुठे होती, हे सारे नकाशावर मांडावे. जुने कर्मचारी कागदापेक्षा जास्त सांगतात. एखादी टाकी वापरातून काढून तिथेच पुरून ठेवलेली असते आणि नव्या नकाशात ती नसते.

या इतिहासावरूनच प्रयोगशाळेला काय तपासायला सांगायचे ते ठरते. पेट्रोलसाठी बीटेक्स, तर डिझेलसाठी जड हायड्रोकार्बन आणि नॅफ्थलीन तपासावे लागते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले. पंप त्याआधीचा असेल तर शिसेही तपासावे. आवारात पूर्वी गाड्यांचे ऑइल बदलत असतील, तर त्या कोपऱ्याची तपासणी वेगळी करावी.

एमटीबीई हा पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा पदार्थही यादीत घ्यावा. तो पाण्यात सहज विरघळतो आणि लवकर नष्ट होत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या विहिरींत तो सापडला आणि १९९६ साली शहराला आपल्या पाणीपुरवठ्याचा जवळजवळ निम्मा भाग देणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

आता इथेनॉलचाही विचार करावा लागतो. सध्या आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जमिनीतले सूक्ष्मजीव बेंझीनही खातात, पण इथेनॉल समोर असेल तर आधी त्याचा फडशा पाडतात आणि तिथला ऑक्सिजन संपवतात. बेंझीन तसेच उरते आणि जास्त दूर जाऊ शकते. म्हणून जुन्या अनुभवावरून ‘एवढ्या अंतरापलीकडे जात नाही’ असे ठरवून टाकू नये.

दुसरा टप्पा: सुरक्षितता

टाकीच्या माथ्यावर भोक पाडायचे नसते, ही उघड वाटणारी गोष्ट नकाशा चुकला की घडू शकते. म्हणून पहिला दीड मीटर यंत्राने न खोदता हाताने खोदावा. विजेची केबल किंवा इंधनाचा पाइप असला तर तेवढ्यात दिसतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात साचते. ज्वलनशील वायू मोजणारे यंत्र सतत चालू ठेवावे आणि खड्ड्यात कोणी सहज म्हणून उतरू नये. टाकी काढायची किंवा बदलायची असेल तर पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, म्हणजे पेसोच्या, परवान्याचा प्रश्न येतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. टाकी रिकामी करून तिच्यातली वाफ पूर्ण काढल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नाही.

तिसरा टप्पा: नमुना कुठून घ्यायचा

गळती टाकीच्या पत्र्यापेक्षा जोडाच्या ठिकाणी जास्त होते. टँकर रिकामा होतो ते तोंड, पाइपांची वळणे आणि सांधे, मशीनच्या खालचा भाग या जागा आधी धराव्यात. काळ्या मातीत तर विशेष लक्ष द्यावे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपांच्या सांध्यांवर दर वर्षी ताण देते.

टाकी बाहेर काढत असतील तर कॅलिफोर्नियाची पद्धत मार्गदर्शक आहे. टाकीच्या दोन्ही टोकांखाली, मूळ जमिनीत किमान दोन फूट जाऊन एकेक नमुना आणि पाइपच्या चरात दर वीस फुटांवर एक नमुना. खड्ड्यात पाणी लागले तर त्या पाण्याचा नमुना आणि टाकीच्या टोकांकडच्या भिंतीतून, पाण्याच्या रेषेपाशी, मातीचा नमुना घेतात.

‘मूळ जमीन’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण इथे सर्रास चूक होते. टाकी पुरताना खड्डा मोठा खणतात आणि टाकीभोवती वाळू भरतात. कडक मुरमात खणलेला हा खड्डा हौदासारखा वागतो: पावसाचे पाणी वाळूत साचते आणि इंधन असेल तर तेही तिथेच थांबते. भरावाच्या वाळूतला नमुना घेतला तर कधी भयंकर आकडा येतो आणि कधी धुऊन निघालेली स्वच्छ वाळू मिळते. दोन्हींवरून खालच्या जमिनीचे काहीच कळत नाही. वाळू संपून मुरूम किंवा माती लागली याची नोंद झाल्यावरच नमुना घ्यावा.

चौथा टप्पा: मातीचा नमुना

मऊ मातीत हाताने फिरवायचे गिरमिट, म्हणजे ऑगर, पुरते. त्याखाली ड्रिल लागते, आणि महाराष्ट्रात खरी अडचण इथे सुरू होते. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. इथे बोअरची गाडी सहज मिळते म्हणून तीच बोलावली जाते. ती दाबाच्या हवेने खडक फोडते आणि चुरा वर उडवते. बेंझीन त्या हवेबरोबर निघून जाते. वर कॉम्प्रेसरचे तेल भोकात उतरण्याची भीती असते. तो चुरा नमुना म्हणून पाठवला तर बेंझीन नाही असा अहवाल येईल, पण त्याला काही अर्थ नसेल.

त्याऐवजी अखंड गाभा काढणारे ड्रिल वापरावे. त्यात पाणी वापरावे लागले तर ते कुठून आणले याची नोंद ठेवावी आणि त्या पाण्याचाही एक नमुना तपासावा. पुढे त्याच जागी निरीक्षण विहीर करायची असेल तर हवेचे ड्रिल चालते, मात्र त्यातला चुरा मातीचा नमुना म्हणून घेऊ नये.

गाभा बाहेर आला की वेळ दवडू नये. आधी त्यातल्या प्रत्येक थराची थोडी माती पिशवीत अर्धी भरून तोंड बंद करतात. दहाएक मिनिटांनी पिशवीतल्या हवेत पीआयडी या हातातल्या यंत्राची नळी घालतात. हे यंत्र अतिनील दिव्याच्या मदतीने बाष्प मोजते. त्यावरून कोणता थर जास्त दूषित आहे याचा अंदाज येतो. ते बेंझीन वेगळे ओळखत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कमी आकडा दाखवते. त्यामुळे यंत्र सांगेल तो अंतिम निकाल समजू नये. नाकाने वास घेऊन तर कधीच ठरवू नये, कारण त्या वासाबरोबर बेंझीनच आत जाते.

प्रयोगशाळेसाठी निदान तीन खोल्यांवरून माती घ्यावी: यंत्राने सर्वांत जास्त बाष्प दाखवले तो थर, भूजल पातळीच्या लगेच वरचा थर आणि जिथे यंत्र शांत झाले तो तळचा थर. तिसरा नमुना स्वच्छ येणार म्हणून तो पैसे वाचवायला वगळतात. पण दूषण कुठे संपले हे तोच सांगतो.

प्रयोगशाळेचा नमुना पिशवीतल्या मातीचा नसतो. गाभ्याचा वरचा पापुद्रा खरवडून ताज्या भागातून, टोक कापलेल्या सिरिंजसारख्या छोट्या नळीने सुमारे पाच ग्रॅम माती घेतात आणि ती थेट आधी वजन केलेल्या, मिथेनॉल असलेल्या कुपीत सोडतात. मिथेनॉल बाष्पशील, म्हणजे उघड्यावर उडून जाणारे, घटक धरून ठेवते. अशा कुपीची १४ दिवसांत तपासणी झाली तरी चालते. मिथेनॉलशिवाय बंद ठेवलेली माती ४८ तासांत प्रयोगशाळेने हाताळायला हवी. मुरूम इतका कडक असेल की नळी शिरत नाही, तर ताजा तुकडा फोडून लगेच कुपीत टाकावा.

चार जागांची माती घमेल्यात कालवून एकच नमुना करणे ही शेतातल्या माती परीक्षणाची रीत आहे. खताचा अंदाज घ्यायला ती योग्य. इथे मात्र कालवताना बेंझीन उडते आणि दूषित जागेचा आकडा स्वच्छ जागांत विरून जातो. असा एकत्रित नमुना कोणी सुचवला तर आपण नकार द्यावा.

पाचवा टप्पा: निरीक्षण विहीर

भूजलाचा नमुना घेण्यासाठी खास अरुंद विहीर करतात. भोकात पीव्हीसीचा पाइप उतरवतात. त्याच्या खालच्या भागात बारीक खाचा असतात, त्यांतून पाणी आत येते. खाचांभोवती स्वच्छ वाळू, तिच्यावर बेंटोनाइट नावाची पाण्याने फुगणारी चिकणमाती आणि सर्वांत वर सिमेंट. बेंटोनाइटचे बूच नसेल तर पंपाच्या फरशीवर सांडलेले पेट्रोल पावसाबरोबर भोकातून थेट खाली जाईल, आणि तपासायला केलेली विहीरच दूषणाची वाट बनेल.

पाइप जोडायला प्लंबर नेहमीचे सोल्यूशन काढतो. ते इथे चालत नाही, कारण त्यातली द्रावणे पुढे पाण्याच्या अहवालात उतरतात. आटे असलेले पाइप वापरावेत.

खाचांचा भाग भूजल पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे असायला हवा. तवंग पाण्यावर असतो. खाचा फक्त खाली असतील तर तो विहिरीत येणारच नाही. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबर यांच्यातली पातळी काही मीटरने वरखाली होते, म्हणून खाचांची लांबी ठरवताना आजची पातळी न पाहता आसपासच्या विहिरींची वर्षभराची चढउतार विचारावी.

किमान तीन विहिरी त्रिकोणात कराव्यात. प्रत्येकीच्या तोंडाची उंची मोजून पाण्याच्या पातळीशी ताडली की उतार कोणत्या दिशेला आहे ते कळते. त्या दिशेला, टाकीच्या पुढे, निदान एक विहीर हवी. वरच्या अंगाला एक हवी, म्हणजे दूषण बाहेरून येत आहे का ते समजते. मात्र बेसाल्टमध्ये पाणी फटींतून वाहते. दहा मीटरवरची विहीर स्वच्छ आणि साठ मीटरवरची दूषित, असेही होऊ शकते. त्रिकोणाने दाखवलेली दिशा हा पहिला अंदाज समजावा.

सहावा टप्पा: पाण्याचा नमुना

काहीही उपसण्याआधी विहिरीत पातळीमापक सोडावा. तेल आणि पाण्याची सीमा ओळखणारा मापक मिळतो, त्याने तवंगाची जाडी कळते. तवंग सापडला तर त्याच्याखालच्या पाण्यातले बेंझीन मोजण्याची घाई करू नये. गळती झाली हे सिद्धच झाले, आता जाडी नोंदवून तो काढण्याची सोय आधी पाहावी.

तवंग नसेल तर पाइपमध्ये उभे असलेले शिळे पाणी काढून टाकावे लागते. पाइपमधल्या पाण्याच्या तिप्पट ते पाचपट पाणी उपसणे ही जुनी रीत. आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे दहा लिटर भरते, म्हणजे निदान तीस लिटर काढायचे. दुसरी रीत मंद उपशाची: मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून कमी वेगाने उपसत राहायचे आणि सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन यांचे लागोपाठ तीन आकडे जवळजवळ सारखे आले की नमुना घ्यायचा. उपसलेले पाणी गटारात सोडू नये. अहवाल येईपर्यंत ते पिंपात साठवावे.

विहिरींचा क्रमही ठरलेला असावा. स्वच्छ वाटणाऱ्या विहिरीपासून सुरुवात करून दूषित वाटणाऱ्या विहिरीकडे जावे. उलट गेलात तर दोर आणि नळी दूषण पुढच्या विहिरीत घेऊन जाते.

नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत घेतात. पाणी कुपीच्या कडेने हळू सोडून तोंडापाशी फुगवटा येईपर्यंत भरावे, झाकण लावावे, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारावी. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाजूला ठेवून नवी भरावी. त्या बुडबुड्यात बेंझीन शिरते आणि पाण्यातून कमी होते.

कुपीत प्रयोगशाळेने थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दिलेले असते. त्याने सूक्ष्मजीव थांबतात आणि नमुना १४ दिवस टिकतो. आपल्याकडच्या जड, चुन्याच्या पाण्यात आम्ल पडताच कधी फसफस होते. तशी झाली तर आम्ल नसलेली कुपी वापरावी आणि तपासणी सात दिवसांत व्हावी, असे प्रयोगशाळेला लेखी कळवावे.

शेजारच्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी

शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नये. टाकीत पडताना त्यातले बाष्पशील घटक उडालेले असतात. बोअरच्या तोंडाजवळच्या नळाची जाळी काढून, पंप काही वेळ चालवून, बारीक धारेने कुपी भरावी. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून पाठवलेल्या पाण्यावरून बेंझीनबद्दल काहीही ठरवता येत नाही.

उघड्या विहिरीत वरचे पाणी सतत वाऱ्याशी खेळते, म्हणून नमुना झऱ्याजवळून आणि खोलीवरून घ्यावा. वर रंगीत साय दिसली तर काठीने हलवून पाहावी. ती तुकड्यातुकड्यांनी फुटली आणि तशीच राहिली तर ती बहुधा लोहजीवाणूंची असते. मोडून पुन्हा जुळून आली तर तेलाचा संशय धरावा. ही फक्त पहिली चाळणी आहे, निकाल तपासणीनेच लागतो.

सातवा टप्पा: बर्फाची पेटी आणि कागद

कुप्या बर्फाच्या पेटीत, गोठू न देता, सहा अंशांखाली ठेवाव्यात. ती पेटी पेट्रोलच्या कॅनशेजारी गाडीच्या डिकीत ठेवू नये. नमुने घेण्याच्या दिवशी त्याच हातमोज्यांनी गाडीत इंधन भरणे, जवळ जनरेटर चालू ठेवणे, तीव्र वासाच्या मार्करने कुपीवर लिहिणे, यांतली प्रत्येक गोष्ट अहवालात खोटे बेंझीन किंवा टोल्युइन आणू शकते.

म्हणून जोडनमुने असतात. प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आलेली आणि न उघडता परत जाणारी कुपी प्रवासातले दूषण दाखवते. धुतलेल्या साधनावरून ओतलेले शुद्ध पाणी साधन नीट धुतले का ते सांगते. एकाच विहिरीचे दोन नमुने वेगळ्या नावांनी पाठवले की आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते कळते. खर्च कमी करताना पहिली कात्री यांनाच लागते, आणि पुढे वाद झाला की नेमकी यांचीच उणीव भासते.

प्रत्येक कुपीवर जागा, खोली, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचे नाव असावे. सोबत ताब्याचा कागद असावा: नमुना कोणी, कधी, कोणाच्या हाती दिला याची सह्यांसह नोंद. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे किंवा हरित न्यायाधिकरणात गेली तर या कागदाशिवाय उत्तम नमुनाही लंगडा पडतो.

आठवा टप्पा: अहवाल वाचणे

नमुने राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएलची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्यावेत. मान्यता चाचणीनिहाय असते, म्हणून बेंझीनच्या चाचणीला ती आहे का ते विचारावे.

अहवालात ‘बीडीएल’ दिसले की लोक सुटकेचा श्वास टाकतात. त्याचा अर्थ इतकाच की पदार्थ त्या यंत्राच्या किमान मोजमापाच्या खाली आहे. ते किमान मोजमापच लिटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर १० च्या मर्यादेबद्दल अहवाल काहीच बोलत नाही. काम देण्याआधी ही सीमा लेखी मागावी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘ऑइल अँड ग्रीस’ची चाचणी करून समाधान मानणे. त्या चाचणीत द्रावक तापवून उडवतात आणि त्याबरोबर पेट्रोलचे हलके घटकही जातात. जड तेलांसाठी ती उपयोगी आहे, पण पेट्रोलच्या गळतीसाठी बीटेक्सची चाचणी नावानिशी मागावी लागते.

एककेही पाहावीत. मातीचे आकडे किलोला मिलिग्रॅममध्ये आणि पाण्याचे लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असतात. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. एककाकडे लक्ष न देता दोन अहवालांची तुलना केली तर हजारपटीची गल्लत होते.

एका वेळच्या नमुन्याने काम संपत नाही

पावसाळ्यात भूजल वर चढते तेव्हा तवंग मातीत अडकून पाण्याखाली जातो आणि विहिरीत दिसेनासा होतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की तो पुन्हा विहिरीत येतो. सप्टेंबरचा स्वच्छ अहवाल दाखवून प्रश्न मिटला असे म्हणणे म्हणून धोक्याचे आहे. वर्षभर दर तीन महिन्यांनी, आणि त्यात मे महिना नक्की धरून, नमुने घेतले तरच चित्र पुरे होते.

दूषण सापडले तर पुढचे उपाय आहेत. तवंग उपसतात, मातीतली वाफ खेचून घेतात, पाण्यात हवा सोडतात, किंवा सूक्ष्मजीवांना त्यांचे काम करू देऊन त्यावर लक्ष ठेवतात. कोणता उपाय निवडायचा हे याच नमुन्यांच्या आकड्यांवरून ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार नवे पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी क्षेत्रापासून ५० मीटर दूर असावेत. जागेची अडचण असेल तरी हे अंतर ३० मीटरच्या आत येऊ नये. भूगर्भातले पाणी मात्र हे अंतर मोजून थांबत नाही.

आपल्या जवळ नवा पंप उभा राहत असेल, तर टाकीत पहिला टँकर रिकामा होण्याआधी आपल्या विहिरीच्या पाण्याची बीटेक्स तपासणी करून अहवाल जपून ठेवा. पंप आपला असेल तर आवाराच्या चार बाजूंची माती आणि पाणी त्याच वेळी तपासून घ्या. पुढे कधी शंका आली तर आधी काय होते हे सांगणारा दुसरा पुरावा कुठेच मिळत नाही, आणि ही तपासणी फक्त सुरुवातीलाच करता येते.